जुना डिजिटल कॅमेरा पुन्हा चालू करताय? थांबा, आधी त्यातलं कार्ड बाहेर काढा

रात्रीची वेळ. चार मित्र गळ्यात हात टाकून उभे. चेहऱ्यांवर थेट फ्लॅश, दोघांचे डोळे लाल, मागचं सगळं काळंकुट्ट आणि खाली कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख. असा फोटो इन्स्टाग्रामवर दिसला की वाटतं, कुणीतरी २००७ चा कॉलेजचा फोटो टाकलाय. प्रत्यक्षात तो मागच्या शनिवारी काढलेला असतो आणि काढणारा २००७ मध्ये बालवाडीत होता.

या फोटोंमागे असतो खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा, नव्या पिढीच्या भाषेत ‘डिजिकॅम’. ज्या वस्तूला मधली दहा वर्षं कुणी विचारत नव्हतं, तिच्यासाठी आता लोक सेकंड हँड बाजार पालथे घालतायत. गंमत म्हणजे ती बऱ्याच घरांत आधीच आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, काळ्या छोट्या पाऊचमध्ये, लग्नाच्या सीडीच्या शेजारी.

तो कॅमेरा बाहेर काढून लगेच फोटो काढायला सुरुवात करणार असाल, तर जरा थांबा. का, ते पुढे येईलच. आधी हा कॅमेरा होता काय, आणि गेला कुठे, ते बघू.

एका पिढीचा फॅमिली फोटोग्राफर

डिजिटल कॅमेऱ्याची सुरुवात १९७५ मध्ये कोडॅकच्या एका प्रयोगशाळेत झाली. स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने बनवलेलं ते यंत्र साडेतीन किलोहून जड होतं, एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद घ्यायचं आणि त्याची क्षमता होती ०.०१ मेगापिक्सेल. पुढे याच तंत्रज्ञानाने फिल्म रोलचा धंदा बसवला आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकलाच दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला.

आपल्याकडे हे कॅमेरे घराघरांत आले ते २००३-०४ नंतर. कॅननचा पॉवरशॉट, सोनीचा सायबर-शॉट, निकॉनचा कूलपिक्स, शिवाय ऑलिम्पस, फुजी, सॅमसंग, कोडॅक. कूलपिक्सच्या जाहिरातीत प्रियांका चोप्रा असायची, सायबर-शॉटच्या जाहिरातीत दीपिका पदुकोण. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला सांगून मागवायच्या वस्तूंत याचा नंबर वरचा होता. घरी आला की एक नियम ठरलेला असायचा : मनगटात दोरी अडकवल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

३६ फोटोंचा रोल गेला, फोटो धुवायचा खर्च गेला. बारसं, गॅदरिंग, गणपती, अष्टविनायकाची सहल, सगळं यातच टिपलं गेलं. घरातला एकजण कायमचा फोटोग्राफर झाला आणि तो एकाही फोटोत दिसेनासा झाला.

मग फोन आले. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या ‘सिपा’ या संघटनेची आकडेवारी बघितली तर पडझड किती वेगाने झाली ते कळतं. २०१० मध्ये या कंपन्यांनी जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले. त्यातले १० कोटींहून जास्त लेन्स न बदलता येणारे, म्हणजे मुख्यतः हेच छोटे कॅमेरे. २०२३ मध्ये हा दुसरा आकडा सुमारे १७ लाखांवर आला होता. विक्रीचा कळस गाठला ते २०१० हे वर्षच इन्स्टाग्राम सुरू झाल्याचं वर्ष आहे. ज्याने या कॅमेऱ्याला घरी बसवायला हातभार लावला, त्याच इन्स्टाग्रामने आता त्याला परत बोलावलंय. २०२४ मध्ये तो आकडा १९ लाखांच्या आसपास गेला. वाढ तशी किरकोळ, पण दिशा बदलली हे नक्की.

मग ते फोटो वेगळे का दिसतात?

रील्सवर याचं एकच उत्तर मिळतं : ‘सीसीडी सेन्सर’. सेकंड हँड विकणारेही हे दोन शब्द लावून किंमत वाढवतात.

सीसीडी म्हणजे प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर करणारी चिप. तिचा शोध १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी लावला आणि २००९ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. जुन्या छोट्या कॅमेऱ्यांत बहुतेक हीच चिप असायची. नंतर सीमॉस नावाची, कमी वीज खाणारी चिप आली आणि फोनमध्येही तीच बसली. पण फोटोचा रंग काही फक्त चिपवर ठरत नाही. चिपवरचे रंगीत फिल्टर कसे आहेत आणि कंपनीने कॅमेऱ्याच्या आत रंगांवर काय प्रक्रिया केली, यावर तो जास्त ठरतो. त्यामुळे ‘सीसीडी आहे म्हणून दुप्पट किंमत’ हे ऐकलं की सरळ पुढच्या दुकानात जावं.

खरा फरक पडतो तो फ्लॅशमुळे. या कॅमेऱ्यांत झेनॉन वायूची छोटी नळी असते. ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, एकदाच, पण प्रचंड जोरात चमकते. फोनमध्ये असतो एलईडी, म्हणजे थोडक्यात टॉर्च. झेनॉनचा झटका इतका छोटा असतो की नाचणारा माणूसही जागच्या जागी गोठतो. समोरचा माणूस उजळून निघतो आणि मागे अंधार पडतो, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असल्याने प्रकाश डोळ्यात शिरून आतल्या रक्तवाहिन्यांवरून तसाच परत येतो, म्हणून डोळे लाल. ‘पार्टी फोटो’ म्हणून जे मिरवलं जातं, त्याचं बरंचसं श्रेय या नळीचं.

दुसरं कारण, हा कॅमेरा फारसा विचार करत नाही. आजचा फोन एक बटण दाबलं की पटापट अनेक फोटो घेतो, ते एकावर एक रचतो, सावल्या उजळवतो, आकाश निळं करतो, बऱ्याचदा चेहऱ्यावरची त्वचाही गुळगुळीत करतो. जुना कॅमेरा एकच फोटो घेतो. सावली काळी तर काळी. सध्याच्या काळात हेच लोकांना प्रामाणिक वाटतंय.

यात ‘क्वालिटी’ मात्र कुठेच नाही. २००६ च्या आसपासच्या साध्या कॅमेऱ्यातला सेन्सर जेमतेम ६ मिलिमीटर रुंद असायचा, साधारण तुरीच्या डाळीच्या एका दाण्याएवढा. आजच्या महागड्या फोनचा मुख्य सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या दुपटीहून मोठा असतो. कमी उजेडात, फ्लॅश न लावता, फोन या कॅमेऱ्याला सहज हरवतो. कॅमेऱ्याकडे दोन गोष्टी जास्त असतात : तो झेनॉन फ्लॅश आणि खरी पुढे-मागे सरकणारी झूम लेन्स.

मेगापिक्सेलची काळजी मात्र करू नका. ४ बाय ६ ची चांगली प्रिंट काढायला २ मेगापिक्सेलच्या आसपास पुरतात. इन्स्टाग्रामच्या उभ्या पोस्टला १०८० बाय १३५० पिक्सेल, म्हणजे दीड मेगापिक्सेलसुद्धा लागत नाही. ५ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा या कामाला चिक्कार झाला.

आता कार्डाकडे या

घरातला कॅमेरा सापडला की पहिली ऊर्मी असते बॅटरी चार्ज करून खटाखट फोटो काढायची. नेमकं हेच करायचं नाही.

फिल्मच्या काळातले फोटो अल्बममध्ये आहेत, चिकटलेले का होईना. २०१५ मध्ये गुगल फोटोज आलं, त्यानंतरचे बरेचसे फोटो कुठल्यातरी अकाउंटमध्ये सापडतात. मधल्या दहा-बारा वर्षांचं काय? ते फोटो कुणी प्रिंट केले नाहीत, कारण ‘कॉम्प्युटरवर आहेत ना’. तो कॉम्प्युटर भंगारात गेला. काही सायबर कॅफेत सीडीवर राईट करून घेतले, त्या सीडींवर आता डाग पडलेत आणि घरातल्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. काही ऑर्कुटवर टाकले होते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तिथले अल्बम उतरवून घ्यायची सोय २०१६ पर्यंत होती, तीही गेली. आज विशीत असलेल्या कित्येकांचं लहानपण नेमकं याच खिंडीत अडकलंय. आजी-आजोबांचे शेवटचे धडधाकट फोटोही बऱ्याच घरांत याच वर्षांतले असतात.

म्हणून त्या कॅमेऱ्यातलं कार्ड हे कॅमेऱ्यापेक्षा मोलाचं असू शकतं. आणि ‘कार्ड रिकामं दिसतंय’ म्हणजे ते रिकामं आहे असं नाही. त्या काळी कार्डं महाग आणि छोटी, १२८ किंवा २५६ एमबीची. लोक फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचे आणि कार्डावरून उडवायचे. पण फोटो डिलीट केला किंवा कार्ड फॉरमॅट केलं, तर बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते. फोटोचा मजकूर त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच पडून असतो. तुम्ही हौसेने काढलेला पहिला फोटो नेमका त्या जुन्या फोटोवर जाऊन बसू शकतो.

तेव्हा क्रम असा. कॅमेरा बंद ठेवूनच कार्ड काढा. एसडी कार्ड असेल तर डाव्या कडेला एक बारीक खटका असतो, तो ‘लॉक’कडे सरकवा, म्हणजे कार्डावर काही लिहिलं जाणार नाही. कार्ड रीडरमधून ते कॉम्प्युटरला लावा आणि दिसतंय ते सगळं आधी कॉपी करून घ्या. मग फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्या कार्डावर चालवता येतं. ते पुसलेले फोटो शोधून दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून देतं. ते फोल्डर त्याच कार्डावर ठेवायचं नाही, हे ओघाने आलंच. सॉफ्टवेअर दिसायला रुक्ष आहे, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पण काम चोख करतं. हे जमत नसेल तर जमणाऱ्या भाच्याला गाठा, पण ‘बघू चालतंय का’ म्हणून क्लिक करू नका.

एक जागा हमखास विसरली जाते. बऱ्याच कॅमेऱ्यांत, विशेषतः कूलपिक्समध्ये, थोडीशी आतली मेमरी असते. कार्ड नसताना काढलेले फोटो त्यात जातात आणि कार्ड आत असताना दिसत नाहीत. कार्ड काढून कॅमेरा चालू केला की कधीकधी तिथे पाच-सात फोटो निघतात. ते बघितल्याशिवाय कॅमेरा विकू नये, कुणाला देऊही नये.

यात घाई करण्यासारखं कारणही आहे. मेमरी कार्डात माहिती विजेच्या अतिसूक्ष्म साठ्याच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं की तो साठा हळूहळू झिरपतो. कार्ड कधी दगा देईल याचं वेळापत्रक नसतं.

बॅटरी, बुरशी आणि बाकी दुखणी

घरातला असो की विकत घेतलेला, कॅमेऱ्याची तपासणी बॅटरीपासून करा. चपटी लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर ती चार्ज करायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल आणि सेल आतच राहिले असतील, तर पत्र्यांवर पांढरट किंवा हिरवट पावडर दिसते. कापसाची काडी व्हिनेगरमध्ये किंचित बुडवून ती पुसता येते, नंतर कोरडं करायला विसरू नका. खरं तर पेन्सिल सेलवाले कॅमेरे आज जास्त सोयीचे आहेत, कारण रिचार्जेबल सेल कुठेही मिळतात. साधे स्वस्त सेल टाकलेत तर मात्र फ्लॅश ते दहा-वीस फोटोंत पिऊन टाकतो.

कॅमेरा बिघडलाय म्हणून घरी स्क्रू खोलायचा विचार करू नका. फ्लॅशसाठी आत एक कपॅसिटर असतो, त्यात ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असतो आणि बॅटरी काढली तरी तो बराच वेळ राहतो. बोट लागलं तर जोराचा झटका बसतो.

मुंबईत बोरा बाजार आणि चोर बाजार, दिल्लीत चांदणी चौकातला कूचा चौधरी, ही या खरेदीची जुनी ठिकाणं. ऑनलाइन घेण्यापेक्षा तिथे हातात घेऊन बघता येतं. आपलं कार्ड घेऊन जा. लेन्स तीन-चार वेळा आत-बाहेर करून बघा. कर्रकर्र आवाज आला किंवा स्क्रीनवर ‘लेन्स एरर’ आलं तर सोडून द्या. आत वाळू गेलेली असते किंवा कॅमेरा पडलेला असतो, आणि दुरुस्तीचा खर्च परवडत नाही. फ्लॅश लावून आणि न लावता, दोन्ही फोटो काढा. मग लेन्सवर मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या कॅमेऱ्यांना ती हटकून होते. घरी कॅमेरा ठेवताना घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. चामड्याच्या पाऊचमध्ये ओल धरते.

२००२ ते २००४ च्या सुमाराचा कॅमेरा घेत असाल तर एक जुना किस्सा माहीत हवा. त्या काळात सोनीने बनवलेल्या काही सीसीडी चिपमध्ये दोष निघाला होता. उष्ण आणि दमट हवेत चिपच्या आतली जोडणी सुटायची आणि फोटो जांभळट, फाटल्यासारखा किंवा पूर्ण काळा यायचा. ही चिप कॅनन, निकॉन, फुजी अशा बऱ्याच कंपन्या वापरत होत्या. २००५ मध्ये प्रकरण बाहेर आलं आणि कंपन्यांनी मोफत दुरुस्ती करून दिली. आता ती सोय नाही आणि आपली हवा तर उष्ण-दमटच. त्या वर्षांतल्या कॅमेऱ्यात स्क्रीनवर जांभळ्या रेघा दिसल्या तर दुकानदार ‘सेटिंग आहे’ म्हणेल. सेटिंग नसतं.

कार्डाचाही घोळ असतो. २००६ पूर्वीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीपर्यंतचंच साधं एसडी कार्ड ओळखतात, आजचं ३२ किंवा ६४ जीबीचं कार्ड टाकलं की एरर येते. ऑलिम्पस आणि फुजीच्या जुन्या कॅमेऱ्यांत एक्सडी नावाचं कार्ड लागायचं, सोनीत मेमरी स्टिक. एक्सडी तर बनायचंच थांबलंय, त्यामुळे कॅमेरा स्वस्त आणि कार्ड महाग असा उलटा हिशोब होतो. घेताना कार्ड आणि चार्जर सोबत मिळतोय का, हे किमतीआधी विचारा.

नवे छोटे कॅमेरे बाजारात नाहीत असं नाही. कॅननने २०१६ चं एक मॉडेल २०२५ मध्ये थोडंफार बदलून पुन्हा आणलं, यावरूनच मागणी कळते. फुजीफिल्मचा २०२४ चा एक्स-१०० व्हीआय खूप चांगला आहे, पण त्याच्या किमतीत दुचाकी येते. कोडॅकचं नाव असलेले आजचे स्वस्त कॅमेरे दुसऱ्या कंपन्या परवाना घेऊन विकतात, जुन्या कोडॅकशी त्यांचा संबंध नावापुरता. आणि अनोळखी ब्रँडचे ‘६४ मेगापिक्सेल’ लिहिलेले कॅमेरे टाळलेले बरे. त्यात बऱ्याचदा आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो आणि फ्लॅशच्या जागी एलईडी असतो, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच नाही.

वापरताना

फोनची सवय असलेल्यांचे पहिले पन्नास फोटो धूसर येतात. कारण या कॅमेऱ्याचं बटण दोन टप्प्यांत दाबायचं असतं. अर्धं दाबलं की तो फोकस करतो, हिरवी चौकट येते किंवा ‘टिट’ वाजतं, मग पूर्ण दाबायचं. एका दमात दाबलं तर क्षण निघून जातो. फ्लॅश साधारण तीन मीटरपर्यंतच पोचतो, तेव्हा मैफलीत शेवटच्या रांगेतून फ्लॅश मारून उपयोग नाही, फक्त पुढच्या माणसाचं डोकं उजळतं. मेन्यूमधला डिजिटल झूम बंदच ठेवा, तो नुसता फोटो कापून मोठा करतो. भर उन्हात स्क्रीन दिसत नाही, अंदाजाने काढावे लागतात आणि मजेची गोष्ट म्हणजे त्यातलेच काही सगळ्यात चांगले निघतात.

फोटो फोनवर घ्यायला टाइप-सी कार्ड रीडर पुरतो. थेट कार्डातून सोशल मीडियावर टाकून मोकळं होऊ नका, आधी मूळ फोटो फोनमध्ये आणि आणखी एका ठिकाणी उतरवा. या कॅमेऱ्याला क्लाऊड माहीत नाही. तो पाण्यात पडला तर त्यातले फोटोही गेले.

आणि पहिला फोटो काढण्याआधी मेन्यूत जाऊन तारीख-वेळ लावा. कॅमेऱ्यातलं घड्याळ आतल्या छोट्या बॅटरीवर चालतं. वर्षानुवर्षं पडून ती संपली की तारीख मूळपदावर जाते, कुठे १ जानेवारी २००५, कुठे २००८. कोपऱ्यातली नारिंगी तारीख चुकीची आली तर रीलसाठी ती उलट छानच दिसते. पण तीच तारीख फोटोच्या फाइलमध्येही नोंदली जाते, आणि मग गॅलरीत या दिवाळीचे फोटो वीस वर्षं मागे जाऊन बसतात, तुमच्या जन्माच्याही आधी.